पॅकेजनिहाय बांधणी (जेंटू लिनक्स)

पॅकेजनिहाय बांधणी म्हणजे स्रोतसंहितेपासून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संगणक प्रणालीत, सर्व पॅकेजांना लागू असलेली सर्वसाधारण सेटिंग्ज कायम ठेवून एखाद्या विशिष्ट पॅकेजसाठी वेगळी सेटिंग्ज लावण्याची पद्धत होय. जेंटू लिनक्स या वितरणात ही पद्धत विशेष विस्ताराने विकसित झाली आहे. एखादे पॅकेज कोणत्या सोयींसह बांधावे, संकलकाला म्हणजे कंपायलरला कोणत्या सूचना द्याव्यात, एका वेळी किती कामे समांतर चालवावीत आणि तात्पुरत्या फाइली कोठे ठेवाव्यात, हे सर्व वापरकर्त्याला प्रत्येक पॅकेजपुरते ठरवता येते.

या लेखात आज्ञा, फ्लॅग आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

बहुतेक लिनक्स वितरणे आधीच बांधून तयार असलेली पॅकेजे पुरवतात. वितरणाच्या संगणकांवर स्रोतसंहिता एकदाच संकलित होते आणि तयार झालेली द्विमान फाइल हजारो वापरकर्ते उतरवून घेतात. ही पद्धत सोयीची आहे, परंतु पॅकेजमध्ये काय असावे याचा निर्णय बांधणाऱ्याने घेतलेला असतो. सर्वांची गरज भागावी म्हणून तो सहसा शक्य तितक्या सोयी समाविष्ट करतो.

स्रोताधारित वितरणात हा निर्णय वापरकर्त्याकडे येतो. जेंटू लिनक्सची सुरुवात डॅनियल रॉबिन्स यांनी ‘इनॉक’ या नावाने केली. पुढे पोहण्यात सर्वांत वेगवान मानल्या जाणाऱ्या जेंटू पेंग्विनचे नाव त्याला देण्यात आले आणि ३१ मार्च २००२ रोजी त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. या वितरणाच्या पॅकेज व्यवस्थापकाचे नाव पोर्टेज असे आहे. फ्रीबीएसडी या प्रणालीतील ‘पोर्ट्स’ पद्धतीवरून त्याची कल्पना सुचली. पोर्टेज मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेले असून वापरकर्ता त्याच्याशी ‘इमर्ज’ या आज्ञेद्वारे व्यवहार करतो. प्रत्येक पॅकेजची बांधणी कशी करावी याची कृती ‘ईबिल्ड’ नावाच्या छोट्या फाइलीत दिलेली असते. ईबिल्डला पाककृती म्हटल्यास यूझ फ्लॅग हे ‘आवडीनुसार’ या सदराखालचे जिन्नस ठरतात.

सर्वांसाठी एक नियम आणि त्याचे अपवाद

सर्व पॅकेजांना लागू होणारी सेटिंग्ज ‘मेक डॉट कॉन्फ’ या फाइलीत असतात. ही फाइल ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘पोर्टेज’ या उपडिरेक्टरीत असते. संकलकाला द्यायच्या सूचना, समांतर कामांची संख्या, सर्वत्र हव्या असलेल्या किंवा नको असलेल्या सोयी आणि वापरकर्त्याच्या भाषा येथे नोंदवल्या जातात.

या एकाच फाइलीवर भागवण्याचा मोह नवशिक्याला होतो आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच असते. सर्वसाधारण सेटिंग हा शेकडो पॅकेजांबद्दल एकदम केलेला अंदाज असतो. तो बहुतेकांना लागू पडतो, काहींना पडत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कालव्याची पाळी सगळ्या शिवाराला एकच असते, पण उसाला पाणी द्यायचा हिशोब डाळिंबाला किंवा द्राक्षाला लावला तर बाग हातची जाते. पाळी तीच ठेवून प्रत्येक पिकाच्या ठिबकचे वेळापत्रक वेगळे ठेवावे लागते.

जेंटूमध्ये असे अपवाद नोंदवण्यासाठी मेक डॉट कॉन्फच्या शेजारीच स्वतंत्र फाइली असतात. ‘पॅकेज डॉट यूझ’मध्ये पॅकेजच्या सोयींचे अपवाद आणि ‘पॅकेज डॉट एन्व्ह’मध्ये बांधणीच्या परिस्थितीचे अपवाद लिहितात. चाचणी-अवस्थेतील आवृत्ती एका पॅकेजपुरती स्वीकारण्यासाठी ‘पॅकेज डॉट ॲक्सेप्ट कीवर्ड्‌स’, नकोशी आवृत्ती रोखण्यासाठी ‘पॅकेज डॉट मास्क’ आणि परवान्याच्या अटी मान्य करण्यासाठी ‘पॅकेज डॉट लायसन्स’ अशा फाइली आहेत. त्यांची रचना सारखीच आहे. ओळीच्या आरंभी प्रवर्ग आणि पॅकेजचे नाव आणि त्यापुढे सेटिंग लिहायचे. मास्कच्या फाइलीत मात्र केवळ नाव पुरते.

यूझ फ्लॅग

यूझ फ्लॅग म्हणजे एखादी ऐच्छिक सोय चालू वा बंद करणारा शब्द. फ्लॅगचे नाव नुसते लिहिल्यास सोय चालू होते आणि आधी वजाचिन्ह जोडल्यास बंद होते. पॅकेज डॉट यूझमधील ओळ पुढीलप्रमाणे असते:

मीडिया-जीएफएक्स/इमेजमॅजिक पँगो एसव्हीजी -एक्स

या ओळीचा अर्थ असा की इमेजमॅजिक हे चित्रप्रक्रियेचे पॅकेज पँगो या मजकूर-मांडणी संचासह आणि एसव्हीजी चित्रप्रकारासह बांधावे, परंतु त्यात एक्स या पडदा-प्रणालीचा आधार समाविष्ट करू नये. अन्य पॅकेजांवर या ओळीचा परिणाम होत नाही.

पॅकेज डॉट यूझ ही एकच फाइल असू शकते किंवा त्याच नावाची डिरेक्टरी करून तीत अनेक फाइली ठेवता येतात. डिरेक्टरी असल्यास आतील फाइली नावाच्या वर्णक्रमाने वाचल्या जातात. ‘*/*’ अशा सर्वसमावेशक चिन्हाने सर्व पॅकेजांना एकच फ्लॅग लावता येतो, आणि त्याच पॅकेजची नेमकी नोंद अन्यत्र असल्यास ती वरचढ ठरते. नावाआधी तुलनाचिन्ह आणि नावानंतर आवृत्तीचा आकडा जोडून ती नोंद काही आवृत्त्यांपुरतीही ठेवता येते.

प्रत्येक फ्लॅग वापरकर्त्याच्या हाती नसतो. काही फ्लॅग संगणकाच्या प्रकारानुसार निवडलेल्या ‘प्रोफाइल’ने सक्तीने चालू किंवा बंद केलेले असतात. काही ईबिल्ड अशीही अट घालतात की दिलेल्या फ्लॅगांपैकी नेमका एकच किंवा किमान एक चालू असावा. ही अट मोडल्यास बांधणी सुरू होण्यापूर्वीच पोर्टेज थांबते आणि कोणती अट मोडली ते दाखवते.

कोणाचा शब्द अखेरचा

एकाच फ्लॅगविषयी अनेक ठिकाणी परस्परविरोधी नोंदी असू शकतात. त्यांचा अग्रक्रम ठरलेला आहे. ईबिल्डच्या लेखकाने सुचवलेली पूर्वनिवड सर्वांत दुबळ्या नोंदींपैकी एक असते. तिच्यावर प्रोफाइलची नोंद, प्रोफाइलवर मेक डॉट कॉन्फ, मेक डॉट कॉन्फवर पॅकेज डॉट यूझ आणि या सर्वांवर आज्ञा देताना त्याच ओळीत लिहिलेले यूझ हे चल अशी ही उतरंड आहे. प्रोफाइलने सक्तीने लादलेला वा रोखलेला फ्लॅग मात्र या उतरंडीच्या बाहेर राहतो.

हा क्रम पाठ करण्याऐवजी बांधणीपूर्वी ‘इमर्ज -पीव्ही’ ही आज्ञा देऊन परिणाम पाहणे श्रेयस्कर. तिने काहीही बांधले जात नाही, केवळ काय बांधले जाईल ते दिसते. चालू फ्लॅग तांबड्या आणि बंद फ्लॅग निळ्या रंगात येतात. मागील बांधणीच्या तुलनेत बदललेल्या फ्लॅगपुढे तारका असते, नव्याने आलेल्या फ्लॅगपुढे टक्केचिन्ह असते आणि वापरकर्त्याला बदलता न येणारे फ्लॅग कंसात असतात. पॅकेजला कोणते फ्लॅग आहेत आणि त्यांचा अर्थ काय, हे ‘जेंटूलकिट’ संचातील ‘इक्वेरी यूझेस’ या आज्ञेने कळते. आधीच बसवलेले पॅकेज कोणत्या फ्लॅगांसह आणि कोणत्या संकलक-सूचनांसह बांधले गेले याची नोंद पोर्टेज ‘व्हार/डीबी/पीकेजी’ या डिरेक्टरीत प्रत्येक पॅकेजच्या नावाने जपून ठेवते.

पॅकेज डॉट यूझमध्ये नोंद केल्याने आधी बसवलेले पॅकेज आपोआप बदलत नाही. ते पुन्हा बांधावे लागते. प्रणाली अद्ययावत करताना ‘न्यू-यूझ’ किंवा ‘चेंज्ड-यूझ’ हा पर्याय दिल्यास फ्लॅग बदललेली पॅकेजे पोर्टेज स्वतः शोधून काढते.

तात्पुरता बदल आणि कायमचा बदल

आज्ञेच्या ओळीत दिलेले यूझ सर्वांवर मात करते, म्हणून ते सर्वांत सोयीचेही वाटते. परंतु त्याची नोंद सेटिंगच्या कोणत्याही फाइलीत राहत नाही. एखाद्या फ्लॅगसह अशा रीतीने बांधलेले पॅकेज काही आठवड्यांनी नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधले जाते, तेव्हा तो फ्लॅग नसतो आणि काल चालणारी सोय आज नाहीशी होते. दोष नव्या आवृत्तीचा आहे असे वापरकर्त्याला वाटते आणि तो शोध चुकीच्या ठिकाणी सुरू करतो. म्हणून जो बदल टिकायला हवा तो फाइलीत लिहावा, असा दंडक जेंटूच्या मार्गदर्शिकेत पाळला जातो.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे आणि देवनागरी वाचणाऱ्यांना तो जवळचा वाटावा. अक्षराची आकृती पडद्यावर उमटवण्याचे काम फ्रीटाइप हा संच करतो. अक्षरे जुळवण्याचे काम, म्हणजे ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, ‘र्क’मधील रफार वर चढवणे, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ घडवणे, हे हार्फबझ नावाचा संच करतो. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि पँगो हे सर्व हार्फबझचाच आधार घेतात. फ्रीटाइपला ‘हार्फबझ’ हा फ्लॅग आहे आणि हार्फबझला ‘ट्रूटाइप’ हा. दोन्ही फ्लॅग चालू असल्यास फ्रीटाइप बांधण्यासाठी हार्फबझ आधी हवा आणि हार्फबझ बांधण्यासाठी फ्रीटाइप आधी हवा, असा पेच उभा राहतो. नव्याने प्रणाली उभी करणाऱ्या अनेकांना अनेक वर्षे हा पेच पहिल्याच दिवशी भेटत आला आहे.

त्याची सोडवण तीन पायऱ्यांची आहे. प्रथम आज्ञेच्या ओळीत ‘-हार्फबझ’ देऊन फ्रीटाइप एकदा त्या सोयीविना बांधायचा. त्याच्या आधाराने हार्फबझ बांधायचा. शेवटी फ्रीटाइप पुन्हा, या वेळी पूर्ण सोयींसह, बांधायचा. येथे तात्पुरता बदलच योग्य ठरतो. ‘-हार्फबझ’ ही नोंद पॅकेज डॉट यूझमध्ये करून ठेवली आणि नंतर काढायची राहिली तर फ्रीटाइप कायमचा अर्धवट राहतो. पहिल्या पायरीवर ‘वनशॉट’ हा पर्याय देतात. त्यामुळे वापरकर्त्याने मुद्दाम निवडलेल्या पॅकेजांच्या यादीत फ्रीटाइपचे नाव जात नाही.

काही वेळा एक पॅकेज दुसऱ्या पॅकेजमध्ये विशिष्ट फ्लॅग चालू असण्याची अपेक्षा करते. त्या वेळी पोर्टेज हवी ती ओळ स्वतःच सुचवते आणि ‘ऑटोअनमास्क-राइट’ पर्याय दिल्यास ती लिहूनही ठेवते. ‘डिस्पॅच-कॉन्फ’ या आज्ञेने वापरकर्त्याने तिला मान्यता द्यायची असते. अशा ओळींसाठी ‘झेडझेड’ने सुरू होणाऱ्या नावाची वेगळी फाइल ठेवण्याची प्रथा आहे, म्हणजे ती वर्णक्रमात शेवटी येते आणि स्वहस्ते केलेल्या नोंदींत यंत्राच्या नोंदी मिसळत नाहीत. या फाइलीत जुन्या आवृत्त्यांच्या ओळी वर्षानुवर्षे साचत जातात. प्रत्येक ओळीच्या वर ती का लिहिली हे टीप-चिन्हासह नोंदवणे उपयोगी पडते, कारण दोन वर्षांनी ते कारण लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

मराठी भाषेशी संबंधित फ्लॅग

संगणकावर मराठी वापरणाऱ्याच्या दृष्टीने काही फ्लॅग विशेष महत्त्वाचे आहेत.

‘एनएलएस’ हा फ्लॅग पॅकेजमधील भाषांतरित संदेश चालू करतो. हलकी प्रणाली बनवण्याच्या हौसेने तो मेक डॉट कॉन्फमध्ये सर्वत्र बंद केला जातो. मग मराठी भाषांतर उपलब्ध असलेला कार्यक्रमही इंग्रजीतच बोलतो. सर्वत्र बंद ठेवायचा असेल तरी ज्या पॅकेजांत मराठी हवी त्यांच्यापुरता तो पॅकेज डॉट यूझमध्ये चालू करता येतो.

कोणत्या भाषा हव्यात हे ‘एल१०एन’ या चलाने ठरते. मराठीसाठी ‘एमआर’ हा दोन अक्षरी संकेत आहे. २०१६पर्यंत हे काम ‘लिंग्वाज’ हे चल करत असे. परंतु भाषांतरे हाताळणारा गेटटेक्स्ट हा संचही लिंग्वाज हेच चल थेट वाचत असल्याने पोर्टेजच्या नकळत भाषा गाळल्या जात. म्हणून जेंटूने वेगळे चल आणले. जुन्या मार्गदर्शनपर लेखांत अद्याप लिंग्वाजचाच उल्लेख आढळतो. ते वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी. सर्वत्र इंग्रजी आणि केवळ लिबरऑफिसच्या भाषा-पॅकेजात व फायरफॉक्समध्ये मराठी अशी निवडही करता येते. पॅकेज डॉट यूझमध्ये पॅकेजच्या नावापुढे ‘एल१०एन_एमआर’ असे लहान लिपीत लिहिले की ती होते.

‘आयसीयू’ हा फ्लॅग युनिकोडविषयक नियमांचा एक मोठा संच जोडतो. त्याचे महत्त्व वर्णक्रमाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि त्यानंतर ‘क्ष’ व ‘ज्ञ’ येतात. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’चा संकेतांक ‘ल’च्या लगेच पुढचा आहे, तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र संकेतांकच नाहीत. ती ‘क’ आणि ‘ज’ यांनी सुरू होणारी जोडाक्षरे म्हणून साठवली जातात. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘ज’च्या गटात सापडते. आयसीयूमध्ये मराठीचा स्वतंत्र क्रमनियम आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हे माहितीसाठ्याचे पॅकेज आयसीयू फ्लॅगसह बांधलेले असल्यास तो नियम वापरता येतो. फ्लॅगने फक्त दार उघडते. यादी लावताना मराठी क्रमाची निवड वेगळी करावी लागते. शाळेची पटनोंद किंवा ग्रंथालयाची सूची संगणकावर ठेवणाऱ्याला हा तपशील गौण वाटणार नाही.

पॅकेज डॉट एन्व्ह

यूझ फ्लॅगने पॅकेजमध्ये काय असावे ते ठरते. ते कशा परिस्थितीत बांधावे हे ‘पॅकेज डॉट एन्व्ह’ने ठरवता येते. येथे दोन टप्प्यांची रचना आहे. प्रथम ‘एन्व्ह’ नावाच्या डिरेक्टरीत मेक डॉट कॉन्फच्याच धर्तीची छोटी फाइल बनवतात आणि तिला सार्थ नाव देतात. मग पॅकेज डॉट एन्व्ह या फाइलीत पॅकेजचे नाव आणि त्यापुढे त्या छोट्या फाइलीचे नाव लिहितात. एकच छोटी फाइल अनेक पॅकेजांना लावता येते आणि एका पॅकेजला अनेक फाइली लावता येतात.

या सोयीची खरी गरज स्मृतीच्या म्हणजे रॅमच्या प्रश्नात दिसते. ‘मेकऑप्ट्स’ या चलाने एका वेळी किती संकलने समांतर चालतील ते ठरते. सी++ भाषेतील मोठ्या पॅकेजांसाठी प्रत्येक समांतर कामास सुमारे २ गिगाबाइट स्मृती धरावी, असा ढोबळ हिशोब जेंटूमध्ये प्रचलित आहे. आठ धागे असलेला प्रक्रियक आणि ८ गिगाबाइट स्मृती असलेला संगणक घेतल्यास, धाग्यांच्या संख्येनुसार आठ कामे लावली तर हिशोबाने १६ गिगाबाइट लागतील. सी भाषेतील लहान पॅकेजांना इतकी स्मृती लागत नाही, त्यामुळे आठ कामांचे सेटिंग महिनोन्‌महिने निर्धोक चालते. वेबकिट, क्यूटी-वेबइंजिन किंवा क्रोमियम यांसारखे पॅकेज आले की मात्र संगणक डिस्कवरील पर्यायी स्मृती वापरू लागतो, पडदा गोठतो आणि शेवटी कर्नल संकलकाची प्रक्रिया बंद पाडतो. वापरकर्त्याला दिसतो तो ‘संकलन अयशस्वी’ एवढाच संदेश. स्रोतसंहितेत दोष आहे असे समजून अनेक जण येथे भलत्याच वाटेला लागतात.

सर्वत्र समांतर कामे कमी करणे हा उपाय सोपा, पण त्यामुळे प्रत्येक लहान पॅकेजलाही उगाच वेळ लागतो. त्याऐवजी एन्व्ह डिरेक्टरीत ‘कमी-स्मृती’ अशा अर्थाच्या नावाची फाइल करून तीत पुढील ओळ लिहितात:

मेकऑप्ट्स="-जे३"

आणि पॅकेज डॉट एन्व्हमध्ये केवळ त्या दोन-तीन अवजड पॅकेजांपुढे तिचे नाव देतात. बाकीची पॅकेजे पूर्वीच्याच वेगाने बांधली जातात.

याच जातीची दुसरी अडचण तात्पुरत्या जागेची आहे. वेग वाढावा आणि डिस्कची झीज कमी व्हावी म्हणून काही जण बांधणीची तात्पुरती डिरेक्टरी थेट स्मृतीत ठेवतात. लहान पॅकेजांना ते मानवते. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्सच्या बांधणीला कित्येक गिगाबाइट जागा लागते आणि ती स्मृतीत मावत नाही. अशा पॅकेजांसाठी ‘पोर्टेज-टेम्पडिर’ हे चल डिस्कवरील डिरेक्टरीकडे वळवणारी छोटी फाइल करतात.

संकलकाच्या सूचना

सी भाषेसाठी संकलकाला द्यायच्या सूचना ‘सीफ्लॅग्ज’मध्ये आणि सी++साठी ‘सीएक्सएक्सफ्लॅग्ज’मध्ये असतात. जेंटूच्या मार्गदर्शिकेत ‘-ओ२’ ही मध्यम सुधारणा-पातळी आणि आपल्या प्रक्रियकासाठी ‘मार्च=नेटिव्ह’ असे साधे सेटिंग सुचवलेले असते. त्यापुढे जाण्याची हौस जेंटूच्या वापरकर्त्यांत जुनीच आहे आणि तिच्यावर पुष्कळ विनोदही झाले आहेत. ‘-ओ३’ने काही गणिती कार्यक्रम वेगवान होतात, तर काहींची फाइल मोठी होऊन ते मंदावतात. ‘एफ-फास्ट-मॅथ’ ही सूचना अपूर्णांकांच्या गणिताचे प्रमाणित नियम शिथिल करते. ती सर्वत्र लावल्यास एखादा कार्यक्रम बंद न पडता चुकीचे उत्तर देऊ लागतो, आणि हा प्रकार बंद पडण्यापेक्षा वाईट आहे. अशी सूचना वापरायचीच असेल तर ज्या पॅकेजचा लाभ मोजून पाहिला आहे त्यापुरतीच पॅकेज डॉट एन्व्हमधून द्यावी.

अनेक ईबिल्ड धोकादायक सूचना स्वतःच गाळतात. त्यामुळे वापरकर्त्याने लिहिलेली सूचना प्रत्यक्षात पोहोचलीच असेल असे नाही. फायरफॉक्ससारख्या पॅकेजांत जोडणीच्या वेळची सुधारणा, म्हणजे ‘एलटीओ’, स्वतंत्र यूझ फ्लॅग म्हणून दिलेली आहे. तेथे सीफ्लॅग्जऐवजी तो फ्लॅग वापरणे इष्ट. दोषाची तक्रार करताना विकासक ‘इमर्ज --इन्फो’चा मजकूर मागतात, तो याच कारणासाठी. विचित्र सूचना दिसल्यास आधी साध्या सूचनांनी बांधून पाहण्यास सांगितले जाते.

दोषाचा माग काढण्यासाठी याच यंत्रणेचा उलटा उपयोगही होतो. कोसळणाऱ्या एका पॅकेजला ‘-जीजीडीबी’ ही सूचना आणि ‘स्प्लिटडिबग’ ही सोय लावून ते पुन्हा बांधले की दोषाचे ठिकाण ओळीसह कळू शकते. सर्व प्रणाली अशी बांधल्यास डिस्क भरून जाईल.

स्वतःची दुरुस्ती जोडणे

फ्लॅग आणि सूचना यांनीही काम भागत नसेल तर स्रोतसंहितेतच बदल करता येतो. ‘पॅचेस’ या डिरेक्टरीत पॅकेजच्या नावाने उपडिरेक्टरी करून तीत दुरुस्तीची फाइल ठेवली की पोर्टेज बांधणीपूर्वी ती लावते. ईबिल्ड-नियमांच्या सहाव्या आवृत्तीपासून ही सोय सर्व ईबिल्डांना बंधनकारक झाली. मराठी भाषांतरातील एखादा चुकीचा शब्द सुधारून तो मूळ प्रकल्पात स्वीकारला जाईपर्यंत आपल्या संगणकावर वापरायचा असेल, तर हा मार्ग सरळ आहे. नव्या आवृत्तीत मूळ मजकूर बदलला आणि दुरुस्ती बसेनाशी झाली, तर बांधणी थांबते.

अनेक संगणकांसाठी एकच बांधणी

शाळा-महाविद्यालयांतील संगणकशाळेत प्रत्येक संगणकावर स्वतंत्र संकलन करणे वेळेच्या आणि विजेच्या दृष्टीने परवडत नाही. तालुक्याच्या गावी वीज गेली की तासन्‌तास चाललेली बांधणीही जाते. ‘इमर्ज --रिझ्यूम’ने पॅकेजांची यादी पुढे चालू होते, पण अर्धवट राहिलेले पॅकेज सर्वसाधारणपणे पहिल्यापासून बांधावे लागते. म्हणून त्यातल्या त्यात सशक्त संगणकावर ‘बिल्डपीकेजी’ सोय चालू करून पॅकेजे एकदा बांधतात आणि तयार द्विमान पॅकेजे इतरांना पुरवतात.

येथे सर्वसाधारण सेटिंग हानिकारक ठरू शकते. ‘मार्च=नेटिव्ह’ म्हणजे बांधणाऱ्या प्रक्रियकाला समजणाऱ्या सर्व आज्ञा वापरणे. नव्या प्रक्रियकावर असे बांधलेले पॅकेज जुन्या प्रक्रियकावर ‘अवैध आज्ञा’ असा संदेश देऊन बंद पडते. सामायिक बांधणीसाठी शाळेतील सर्वांत जुन्या संगणकाला मानवेल अशी प्रक्रियक-पातळी निवडावी लागते. द्विमान पॅकेज उचलताना त्याचे यूझ फ्लॅग आपल्या सेटिंगशी जुळतात की नाही हेही पोर्टेजला तपासायला लावता येते. जुळत नसल्यास ते पॅकेज नाकारून स्रोतापासून बांधले जाते. साहजिकच प्रत्येक संगणकाच्या पॅकेज डॉट यूझमध्ये जितके अपवाद जास्त, तितका सामायिक बांधणीचा लाभ कमी.

२९ डिसेंबर २०२३ रोजी जेंटूने स्वतःच दोन प्रमुख प्रक्रियक-कुलांसाठी द्विमान पॅकेजांचा मोठा साठा खुला केला. तेव्हापासून बहुतेक पॅकेजे तयार घेणे आणि वेगळी सेटिंग्ज हवी असलेली मोजकी पॅकेजे स्वतः बांधणे असा मध्यम मार्ग उपलब्ध झाला आहे. त्याआधीही लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि रस्ट यांची ‘-बिन’ प्रत्यय असलेली तयार पॅकेजे होतीच. मात्र त्यांच्या अंतर्गत सोयी यूझ फ्लॅगांनी बदलता येत नाहीत.

इतर प्रणालींत

फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये प्रत्येक पॅकेजचे पर्याय ‘मेक कॉन्फिग’ या आज्ञेने पडद्यावरील यादीतून निवडता येतात. निक्सओएस या प्रणालीत पॅकेजची व्याख्याच अंशतः बदलून नवे पॅकेज निर्माण करतात आणि मूळ पॅकेज तसेच राहते. डेबियनसारख्या द्विमान वितरणातही स्रोत उतरवून एखादे पॅकेज आपल्या इच्छेनुसार बांधता येते. परंतु पुढील अद्ययावतीकरणात तो बदल टिकवण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर राहते. गूगलची क्रोमओएस ही प्रणाली पोर्टेजच्या साहाय्याने बांधली जाते, त्यामुळे क्रोमबुकवर काम करणारा विद्यार्थी यूझ फ्लॅग हा शब्द न ऐकताही त्यांच्या निवडींचा परिणाम वापरत असतो.